उन्हातला खेळ आणि खेळाडूचा जीव



आज मी आपल्याशी उन्हाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मराठवाड्याच्या माणसाला ऊन काय सांगता? ऊन तर आमच्या अंगाखांद्यावर वाढलेले. खरे आहे. जालना रस्त्याने चिकलठाण्याचे विमानतळ मागे टाकून शेंद्र्याकडे निघालात, की चैत्र-वैशाखात समोरची डांबरी सडक पाण्यासारखी हलताना दिसते. एकीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरे, दुसरीकडे नांगरून टाकलेली काळी राने, आणि मध्ये तापलेला वारा. याच दिवसांत शेंद्र्याला मांगीरबाबांची यात्रा भरते. दूरदूरची माणसे येतात आणि ऊन कुणाला अडवत नाही. उन्हात काम करणे, चालणे, यात्रा करणे हे आपल्याला नवे नाही.

पण उन्हात चालणे वेगळे आणि उन्हात पळणे वेगळे. हा फरक मला फार उशिरा कळला. ज्या दिवशी कळला, तो दिवस मी विसरू शकत नाही. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

तीसेक वर्षे झाली. मी तेव्हा याच भागातल्या एका शाळेत व्यायामशिक्षक होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. आमच्याकडे फुटबॉल नवा होता. कबड्डी आणि खो-खो खेळणारी पोरे मोठ्या हौसेने चेंडूमागे धावू लागली होती. एप्रिलअखेर सुट्टीतले शिबिर संपत आले, म्हणून मी दोन संघांचा एक सामना ठेवला. वेळ ठरवली सकाळी साडेसातची. पण बक्षिसे द्यायला पाहुणे बोलावले होते, आणि पाहुण्यांचे येणे म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. पोरे उपाशीतापाशी मैदानाच्या कडेला बसलेली. पाहुणे आले, हार झाले, भाषणे झाली आणि मी शिट्टी वाजवली तेव्हा घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

त्या काळी आम्हा शिक्षकांत एक पक्का समज होता. पळताना पाणी प्यायचे नाही. प्याले तर पोटात गोळा येतो, दम टिकत नाही. मला माझ्या गुरुजींनी तसे शिकवले, मी माझ्या पोरांना तसेच शिकवले. मैदानाच्या कोपऱ्यात रांजण भरलेला होता, पण त्याच्याजवळ जायला मीच मनाई केली होती.

उत्तरार्धात एक पोरगा माझ्याजवळ आला. नववीतला, काटक, पळण्यात सगळ्यांच्या पुढे. म्हणाला, "सर, डोकं गरगरायलंय." मी म्हणालो, "पाचच मिनिटं राहिलीत. दम धर, खेळ." तो परत गेला. थोड्या वेळाने चेंडू त्याच्या पायात आला आणि तो चेंडू घेऊन धावत सुटला, तो आपल्याच गोलाकडे! सगळे मैदान हसले. पाहुणे हसले. मीही हसलो. श्रोतेहो, ते हसू आजही मला बोचते. कारण पोरगा चुकला नव्हता. त्याचा मेंदू तापला होता. कोणता गोल आपला आणि कोणता दुसऱ्याचा, हे कळण्याच्या पलीकडे तो गेला होता. दहा पावलांवर तो कोसळला.

मग धावपळ उडाली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तोंडात पाणी ओतायला निघाला. भोवती माणसांचे कडे झाले आणि होता तो वाराही बंद झाला. जीप आणायला माणूस पिटाळला. मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो. अंग असे तापले होते की हात ठेववत नव्हता, आणि तरीही घामाने ते ओलेच होते.

शेजारच्या रानातून एक म्हातारे शेतकरी कुंपण ओलांडून आले. त्यांनी पोराच्या अंगाला हात लावला आणि माझ्यावर खेकसले, "गुर्जी, जीपची कशाला वाट बघता? पोरगं भट्टीवानी तापलंय. आधी पान्यात घाला!" आम्ही चौघांनी त्याला उचलले आणि त्यांच्या विहिरीवरच्या जनावरांच्या हौदात मानेपर्यंत बसवले. त्यांनी मोटर चालू केली. विहिरीचे गार पाणी धो धो अंगावर पडू लागले. म्हातारबा त्याची मान धरून होते. दहा-बारा मिनिटांनी पोराने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. जीप आली ती त्यानंतर बऱ्याच वेळाने.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, याला मी नाही वाचवलं, हौदानं वाचवलं. जीपची वाट बघत बसला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी त्या म्हाताऱ्यांना भेटायला गेलो. विचारले, "बाबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" ते हसले. म्हणाले, "बैल उन्हानं बसला तर आपन त्याला गाडीत घालून डाक्तरकडं नेतो का? आधी सावलीत घेतो अन् पानी मारतो. मान्साला काय येगळं लागतं?"

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी ऊन आणि खेळ या विषयावर मिळेल ते वाचत आलो, जाणत्यांना विचारत आलो. त्यातले उपयोगाचे तेवढे आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. माणसाचे शरीर हे इंजिनासारखे आहे. इंजिन चालले की तापते. आपले स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात, तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पळण्याच्या कामी येतो. बाकीचे तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात. शरीराची नेहमीची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. ती ४० च्या वर गेली आणि माणूस बरळू लागला की तो उष्माघात समजावा. म्हणजे सुखरूप आणि संकट यांच्यामध्ये अंतर किती? अवघे तीन अंश! पळणारा पोरगा आतून तापतो आणि सूर्य त्याला बाहेरून तापवतो. चालणाऱ्याला एकच भट्टी, पळणाऱ्याला दोन.

मग देवाने या इंजिनाला गार ठेवण्याची काय सोय केली आहे? घाम. पण घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होते. तुमच्या घरचा माठच पाहा ना. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने वाळते आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून वैशाखात आपल्या मराठवाड्यात माठाचे पाणी कसे थंडगार लागते! पण तोच माठ श्रावणात तितका गार होत नाही. का? हवाच ओली. पाझर वाळत नाही. मुंबई-कोकणाकडे तर तो बारमाही फारसा गार होत नाही. माणसाचे शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. हवा कोरडी असेल तर घाम वाळतो, पण अंगातले पाणी झपाट्याने आटते. हवा ओली असेल तर घाम नुसता निथळतो आणि अंग तापतच राहते.

यावरून एक मोठी चूक आपल्या ध्यानात येईल. आपण म्हणतो, आज पारा ४२ वर गेला, आज खेळू नका; आज ३४ आहे, खेळा. पण नुसता पारा पुरेसे सांगत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत कवायत करताना जवान उन्हाने पडू लागले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी एक वेगळे माप काढले. त्यात तीन तापमापक असतात. एकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळलेले, तो घाम किती वाळेल ते सांगतो. दुसरा काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवलेला, तो उन्हाचा चटका सांगतो. तिसरा साधा, सावलीतला. ओल्या कापडाला शंभरात सत्तर, काळ्या गोळ्याला वीस आणि साध्याला दहा असे वजन देऊन तिन्हींचा एक आकडा काढायचा.

गणिताच्या शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. समजा, आपल्याकडे सावलीत ४२ आहे, काळ्या गोळ्यात ५५ आणि ओल्या कापडाचा २४. हिशेब करा. २४ चे सत्तर टक्के १६.८, ५५ चे वीस टक्के ११ आणि ४२ चे दहा टक्के ४.२. बेरीज ३२. आता समजा समुद्रकाठच्या गावी सावलीत ३४ च आहे, काळा गोळा ४८ आणि ओले कापड २९. बेरीज होते ३३.३. म्हणजे पारा आठ अंशांनी कमी, तरी खेळाडूला धोका जास्त! माठाची गोष्ट ती हीच.

हा आकडा आज जगातल्या मोठ्या फुटबॉलमध्ये वापरतात. फिफा ही फुटबॉलची जागतिक संस्था. तिने हा मिश्र आकडा ३२ च्या वर गेला तर सामन्याच्या दोन्ही अर्धांत मध्येच थांबून खेळाडूंना गार होऊ द्यावे, अशी रीत घातली. खेळाडूंची जी जागतिक संघटना आहे, फिफप्रो, तिला ३२ ही मर्यादा फार उंच वाटते. तिचे म्हणणे असे, की २६ च्या वर थांबे द्या आणि २८ च्या वर गेला तर सामनाच पुढे ढकला. पाहा, खेळ भरवणाऱ्यांचा आकडा आणि खेळणाऱ्यांचा आकडा एक नाही. खेळणाऱ्याला स्वतःचे अंग ठाऊक असते.

असे का झाले, याला इतिहास आहे. १९९४ साली अमेरिकेत विश्वचषक झाला. १७ जुलैला पॅसाडेनाच्या उघड्या स्टेडियममध्ये ब्राझील आणि इटली यांचा अंतिम सामना सुरू झाला तो भर दुपारी साडेबाराला. कारण काय? युरोपातल्या लोकांना संध्याकाळी घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहता यावा. हे वाचले तेव्हा मला माझे पाहुणे आठवले. तिथे दूरचित्रवाणी, इथे पाहुणे. सोय बघणाऱ्याची आणि ऊन खेळणाऱ्याला!

पुढे २०१४ साली ब्राझीलमधल्या विश्वचषकात तिथल्या न्यायालयाने या थांब्यांच्या बाबतीत लक्ष घातले, आणि २९ जूनला फोर्तालेझा गावी नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात पंचांनी खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पिऊ दिले. २०२२ चा विश्वचषक कतारला होता. तिथला जून-जुलैचा उन्हाळा पाहून सगळी स्पर्धाच नोव्हेंबर-डिसेंबरात नेली, आणि वर स्टेडियममध्ये थंड हवा सोडण्याची यंत्रेही बसवली. २०२५ च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत क्लबांचा विश्वचषक झाला. त्यात सिनसिनाटीच्या सामन्यात जर्मनीच्या डॉर्टमुंड संघाचे राखीव खेळाडू पूर्वार्धात मैदानाकाठच्या बाकावर बसलेच नाहीत. ऊन टाळण्यासाठी ते आत कपडे बदलण्याच्या खोलीत बसून सामना पाहत होते. एवढे धट्टेकट्टे, लाखोंनी पैसे मिळवणारे गडी. त्यांनाही सावली लागते. आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने असे ठरवले, की पारा कितीही असो, प्रत्येक अर्धात २२ व्या मिनिटाच्या सुमारास तीन मिनिटे पाण्यासाठी थांबायचेच.

मोठी स्टेडियमे ही उन्हाच्या दृष्टीने परातीसारखी असतात. चहूबाजूंच्या उंच भिंतींनी वारा अडतो आणि तळाशी उष्णता साचते. त्यात अलीकडे नैसर्गिक गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ अंथरतात. ती दिसते हिरवीगार, पण उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते, कारण गवतातून पाणी बाष्प होऊन जाते, तसे तिच्यातून काही जात नाही. आपली गावची मैदाने उघडी आहेत, वारा लागतो, हे बरे. पण सावलीला झाड मात्र बहुतेक ठिकाणी नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले. तर मग आपल्याच महाराष्ट्रातले सांगतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे सकाळपासून उघड्यावर बसली होती. त्या दिवशी पारा काही ४५ नव्हता, ३८ च्या आसपासच होता. पण खाडीकाठची ओली हवा, वर सूर्य आणि दाटीवाटी. उष्माघाताने १४ माणसे गेली. ती धावत नव्हती, खेळत नव्हती, नुसती बसली होती. मग धावणाऱ्याचे काय?

आणि धावणारे आपल्याकडे कमी आहेत का? गावोगावची पोरे पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करतात. झारखंडात २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अबकारी शिपायांच्या भरतीची दहा किलोमीटरची दौड होती. त्या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. कारणांवर बरीच चर्चा झाली, पण सरकारने दौड थांबवली आणि पुढे ती सकाळी ९ नंतर घ्यायची नाही असे सांगितले. शेवटी शहाणपण आले ते घड्याळाकडे बघण्याचे. तेच आधी आले असते तर!

तर मग खेळायचेच नाही का? नाही, नाही, माझे म्हणणे तसे मुळीच नाही. खेळ सोडला तर पोरे काय करतील, ते तुम्हाला दिसतेच आहे. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे गल्लीगल्लीचा अभिमान. शाहू स्टेडियमवरचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि तालमींची माणसे आपल्या संघासाठी गर्दी करतात. खेळ हवाच. फक्त त्याला उन्हाचा हिशेब हवा. तो हिशेब कसा ठेवायचा, ते आता सांगतो. शिक्षक बंधू-भगिनींनी आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनी इकडे जरा लक्ष द्यावे.

एक. वेळ. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या तापात, सामना सकाळी नऊच्या आत संपला पाहिजे किंवा सायंकाळी पाचनंतर सुरू झाला पाहिजे. पाहुणे उशिरा आले तर सामना उरकून घ्यावा आणि पाहुण्यांच्या हातून फक्त बक्षिसे द्यावीत. पाहुण्यांचा मान बक्षीस समारंभात राखता येतो. पोराचा जीव परत आणता येत नाही.

दोन. सवय. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी जाते. म्हणून परीक्षेच्या महिनाभर घरात बसलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दोन तास पळवू नका. पहिल्या दिवशी थोडे, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे जास्त, असे चढवीत न्या.

तीन. पाणी. तहान लागली की प्यायला द्या, आणि लहान मुलांना खेळाच्या नादात तहान कळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हाक मारून द्या. पाण्याने दम तुटतो, हा माझ्या पिढीचा समज खोटा होता. मी तो माझ्या तोंडाने मागे घेतो. मात्र दुसरे टोकही नको. तास-दोन तास घाम गाळल्यावर नुसते साधे पाणी घागरीने ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होऊन तेही घातक ठरते. तेव्हा मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी द्यावे. चमचा चहाचा, लहान.

चार. कोणाला खेळवू नये. आदल्या दिवशी ताप होता, जुलाब होते, रात्री झोप नव्हती, अशा गड्याला बसवा. शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्या असतात. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला तरुण न झोपता दुपारी क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या स्पर्धेत उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातून रात्री दारू झाली असेल तर मग बोलायलाच नको. त्याच्या मित्रांनीच त्याला सांगावे, "भाऊ, आज तू टाळ्या वाजव."

पाच. मैदानावर पाणी नुसते प्यायचेच नको, भिजवायचेही हवे. एक मोठे पिंप किंवा हौद भरून ठेवा. जमले तर बर्फाची एक लादी गोणपाटात गुंडाळून ठेवा. सामन्याला चेंडू जितका आवश्यक तितकेच हे पिंप आवश्यक, असे मी म्हणेन. चेंडू नसला तर सामना होत नाही ना? मग पिंप नसले तरी होऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ओळखायचे कसे आणि करायचे काय?

पायात गोळे येणे, भोवळ, मळमळ, डोके दुखणे, हे पहिले इशारे. अशा वेळी खेळ थांबवून सावलीत बसवा, मीठ-साखरेचे पाणी द्या आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नका. पण गडी असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडला, लटपटू लागला, आपला गोल विसरला, तर श्रोतेहो, हसू नका! तो उष्माघात आहे असे धरून चाला. कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, असे पूर्वी सांगत. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरे ठरते. पण खेळाडूचे तसे नाही. त्याचे अंग घामाने चिंब असूनही आतून तो जळत असतो.

अशा वेळी १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत हात बांधून बसू नका. आधी गार करा, मग न्या. हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. हौद असेल तर मानेपर्यंत पाण्यात बसवा. एकाने मागून काखेत हात घालून धरावे, डोके पाण्याबाहेर राहिले पाहिजे. हौद नसेल तर अंगातले जाड कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा आणि उपरण्याने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घाला. बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. तापाची गोळी देऊ नका. हा ताप रोगाचा नाही, त्यावर गोळी चालत नाही. आणि भोवतीची गर्दी हटवा.

हे केल्याने खरोखर जीव वाचतो का? अमेरिकेत फालमथ नावाच्या गावी दर उन्हाळ्यात एक मोठी शर्यत होते. तिथे १८ वर्षांच्या शर्यतींत उष्माघाताचे २७४ धावपटू शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले गेले. २७४ पैकी २७४ वाचले. याउलट २००१ साली त्याच देशात कोरी स्ट्रिंगर नावाचा अमेरिकन फुटबॉलचा नामवंत, भक्कम खेळाडू सरावात उन्हाने पडला आणि १ ऑगस्टला गेला. त्याच्या नावाने पुढे २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था उभी राहिली. ती आज जगाला तेच सांगते, जे आमच्या शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्याने मला खेकसून सांगितले होते. आधी पाण्यात घाला.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांसाठी. आपण पोरांना जिद्द शिकवतो आणि ती शिकवलीच पाहिजे. पण "सर, डोकं गरगरतंय" असे सांगायला येणारा पोरगा भित्रा नसतो. भर मैदानात, सगळ्यांसमोर, गुरुजींपुढे येऊन तसे म्हणायला धैर्य लागते. त्या दिवशी माझा पोरगा ते धैर्य घेऊन माझ्याकडे आला होता आणि मी त्याला परत पाठवले. शिट्टी माझ्या गळ्यात होती. ती फुंकायला एक क्षण लागला असता.

तो पोरगा आता मोठा झाला आहे. शेंद्र्याच्याच एका कारखान्यात कामाला आहे, त्याची मुलगी शाळेत फुटबॉल खेळते. मध्यंतरी रस्त्यात भेटला, पाया पडला आणि हसत म्हणाला, "सर, त्या दिवशी गोल झाला होता का हो? मला काहीच आठवत नाही." मी म्हणालो, "नाही रे बाबा, गोल झाला नाही. तू वाचलास." मग मी विचारले, "मुलीच्या मैदानावर पाण्याचं पिंप आहे का?" तो म्हणाला, "आहे सर. पहिल्याच दिवशी मीच नेऊन ठेवलंय."

श्रोतेहो, येता उन्हाळा तुमच्या गावच्या मैदानावर येईल, तेव्हा तिथेही असे एक पिंप भरलेले असू द्या.